राखण तिची, सही कुणाची?

बाई आणि निसर्ग यांचं नातं सांगायची वेळ आली की सगळ्यात आधी गर्भाशय पुढे येतं. धरती पिकवते, बाई जन्म देते. धरती सोसते, बाई सोसते. म्हणून निसर्ग बाईला उपजतच कळतो आणि तो वाचवायची बुद्धीही तिलाच असते. पर्यावरण दिनाच्या भाषणांत, महिला दिनाच्या विशेषांकांत, वृक्षारोपणाच्या फलकांवर हा विचार इतक्या वेळा येतो की त्याला आता कुणी अडवत नाही. त्यात मान आहे, म्हणून बायकांनाही तो आवडतो. मला मात्र तो मान बायकांना फार महागात पडलेला दिसतो. बाईचा निसर्गाशी संबंध आहे, जवळचा आहे, पण तो कामातून आला आहे. पाणी कोण भरतं, सरपण कोण आणतं, बी कोण राखतं, गुरांना पाला कोण घालतं, यातून तो घडला. हे सगळं करणाऱ्या बाईला त्या पाण्याबद्दल, जंगलाबद्दल, जमिनीबद्दल काही ठरवण्याचा अधिकार मात्र फारसा कुणी दिला नाही. नातं गर्भाशयात शोधलं की हा अधिकाराचा प्रश्न विचारावाच लागत नाही. माझं भांडण तिथे आहे.

पर्यावरणीय स्त्रीवाद हा शब्द फ्रांस्वाज दोबोन या फ्रेंच लेखिकेनं १९७४ साली पहिल्यांदा वापरला. तिचं म्हणणं रोखठोक होतं. मातीच्या सुपीकतेवर आणि बाईच्या प्रजननक्षमतेवर ताबा मिळवणारी सत्ता एकच आहे, ती पुरुषी आहे, आणि दोन्हींचा उपसा तिनंच चालवला आहे. यात बाईच्या हळव्या मनाची स्तुती नव्हती, सत्तेवरचा आरोप होता. त्याच वर्षी शेरी ऑर्टनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा एक निबंध एका ग्रंथात आला. त्यांनी उलट्या बाजूनं विचारलं की बहुतेक सगळ्या समाजांत बाईला निसर्गाच्या जवळ आणि पुरुषाला संस्कृतीच्या जवळ का बसवतात? संस्कृती स्वतःला निसर्गापेक्षा वरची समजते. तेव्हा बाईला निसर्गाजवळ बसवणं म्हणजेच तिला खालच्या पायरीवर बसवणं. एकीनं बाई आणि निसर्ग यांच्या शोषणाचं मूळ एक आहे असं सांगितलं, दुसरीनं या जवळिकीचाच सापळा दाखवला. पुढे ही विचारधारा लोकप्रिय झाली तेव्हा पहिलीचा आरोप बोथट झाला आणि दुसरीचा इशारा मागे पडला. उरली ती मातृत्वाची आरास.

या आराशीत आपल्या देशातलं एक चित्र नेहमी टांगलेलं असतं, झाडांना मिठी मारून ती वाचवणाऱ्या चिपको आंदोलनाचं. ते नीट बघितलं तर त्यात आरास फार थोडी सापडते.

गढवालमधल्या रैणी गावाजवळची सुमारे अडीच हजार झाडं ठेकेदाराला तोडायला दिली होती. २६ मार्च १९७४ रोजी गावातले पुरुष चमोलीला गेले होते, कारण १९६२ च्या युद्धानंतर लष्करानं घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार असं त्यांना कळवलं होतं. त्याच दिवशी मजूर कुऱ्हाडी घेऊन जंगलाकडे निघाले. महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरा देवी गावातल्या बायका-मुलींना घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शिव्या, धमक्या सगळं झालं, पण त्या हटल्या नाहीत. हे जंगल आमचं माहेर आहे, असं गौरा देवी म्हणाल्याचं सांगतात. हे वाक्य पुष्कळांनी पुष्कळदा उचललं आहे, आणि ते उचलताना माहेरचा व्यवहार कुणी आठवत नाही. माहेरी लेकीला माया मिळते, जमीन भावांच्या नावे होते. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क देशभर कायद्यानं मिळायला २००५ साल उजाडावं लागलं. रैणीच्या बायकांचं जंगलाशी नातं नेमकं तसंच होतं. जीव लावायचा, राखायचं, आणि वाटा मागायचा नाही.

मला याहून जास्त बोलकी वाटते ती १९८० सालची डुंगरी-पैंतोली गावातली हकिगत. ती चमोली जिल्ह्यातलीच आहे, पण भाषणांत सहसा येत नाही. गावाजवळ बांजाचं, म्हणजे हिमालयातल्या ओकचं जंगल होतं. बांजाचा पाला गुरांना चालतो, लाकूड चुलीत चांगलं जळतं, त्याच्या मुळाशी पाणी धरून राहतं. उद्यान विभागाला ते जंगल तोडून तिथे बटाट्याच्या बियाण्याचा मळा करायचा होता. बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज येणार होती. गावच्या पंचायतीत सगळे पुरुष. त्यांनी होकार दिला. बायकांनी नकार दिला आणि त्या जंगलात जाऊन उभ्या राहिल्या. या वेळी समोर बाहेरचा ठेकेदार नव्हता, घरचीच माणसं होती.

हा होकार आणि नकार कुठून आले ते पाहा. रस्ता आणि नोकऱ्या यांतून येणारा पैसा पुरुषांच्या हातात पडणार होता. जंगल गेल्यावर सरपण-चाऱ्यासाठी रोज आणखी पाच किलोमीटरची पायपीट बायकांच्या वाट्याला येणार होती. दोन्ही बाजूंनी आपापला हिशेब मांडला होता आणि दोन्ही हिशेब बरोबर होते. पुरुष निसर्गाचे वैरी होते असं नाही, बायका वनदेवीच्या लेकी होत्या असंही नाही. पाठीवर भारा कुणाच्या येणार, यावरून मतं ठरली. सरपण आणायचं काम त्या गावात पुरुषांचं असतं तर झाडांपुढे पुरुष उभे राहिले असते, याबद्दल मला शंका नाही. बायकांनी जंगल वाचवलं, आणि मग गावच्या निर्णयांत आम्ही बायका का नाही, असा प्रश्न त्यांच्यातून उठला. तो त्या लढ्याचा खरा गाभा. आपण झाडाला मिठी मारल्याचं छायाचित्र जपलं आणि प्रश्न सोडून दिला.

रैणीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९८२ साली नंदादेवी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्या परिसरातल्या गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची गुरंचराई आणि जंगलातली ये-जा बंद झाली. ज्यांनी झाडं राखली त्यांनाच जंगलाबाहेर काढलं गेलं. मग गावाखालच्या ऋषिगंगेवर जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी वरून खडक आणि बर्फाचा मोठा कडा कोसळला, नदीला लोंढा आला, तो प्रकल्प वाहून गेला, खालच्या तपोवनच्या दुसऱ्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात माणसं अडकली. मेलेले आणि बेपत्ता मिळून आकडा दोनशेच्या वर गेला. त्यानंतर रैणी आणि आसपासचे काही रहिवासी हे प्रकल्प थांबवा म्हणून उत्तराखंड उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं याचिका फेटाळली आणि याचिकाकर्त्यांना दंड लावला. गौरा देवींचं नाव पाठ्यपुस्तकांत आहे, पण त्यांच्या गावाचं म्हणणं नदीबद्दलच्या निर्णयात कुठेच नाही. मान दिला म्हणजे अधिकार द्यावा लागत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसेल?

मग बाई आणि निसर्ग यांना बांधणारा धागा कुठला? माझ्या मते तो हिशेबाचा आहे. दोघींकडून जे मिळतं ते फुकट धरलं जातं. न्यूझीलंडच्या संसदेत काम केलेल्या अर्थतज्ज्ञ मेरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली हे सविस्तर मांडलं. उभं जंगल देशाच्या उत्पन्नात दिसत नाही, ते तोडून विकलं की दिसतं. झऱ्याचं पाणी दिसत नाही, बाटलीतलं दिसतं. बाईनं घरी रांधलेलं दिसत नाही, खानावळीत रांधलेलं दिसतं. नदी आधी नासवली आणि मग साफ केली तर दोन्ही खर्च उत्पन्नात जमा होतात. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या पद्धतीत १९९३ च्या दुरुस्तीनंतर पाणी आणि सरपण आणण्याचं काम उत्पादनात धरायला स्पष्ट मान्यता मिळाली. स्वयंपाक, मुलं, आजारी माणसांची सेवा अजून बाहेरच आहे. भारताच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. यात पुरुषांचा आकडा फक्त असं काम करणाऱ्या पुरुषांचा आहे, आणि असे पुरुष थोडे.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कुणी जपत नाही. ती संपेपर्यंत वापरतात, आणि संपायला आली की तिची आरती सुरू होते. नदीला आई म्हणणाऱ्या देशात नद्यांची काय गत झाली आहे, ते मी वेगळं सांगायला नको. आई म्हटलं की तिचा पगार निघत नाही, तिला रजा नसते, तिनं नकार दिला तर ती आई कसली, असं विचारतात. जमिनीचंही हेच आणि बाईचंही हेच.

गंगेचा खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. २० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुना या कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती आहेत असा निकाल दिला. देशभर कौतुक झालं. पण व्यक्ती म्हटल्यावर तिच्या वतीनं बोलणार कोण? न्यायालयानं पालक नेमले ते नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. म्हणजे ज्या सरकारी यंत्रणेच्या परवानगीनं धरणं बांधली जातात, तिचेच अधिकारी नदीचे पालक. काठावरची माणसं त्या तिघांत नव्हती. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या निकालाला स्थगिती दिली, तीही राज्य सरकारनंच अपील केल्यावर. त्याच मार्च महिन्यात न्यूझीलंडनं व्हांगानुई नदीला कायदा करून असाच दर्जा दिला. तिथे नदीच्या वतीनं बोलायला दोन माणसं ठेवली, एक सरकारनं नेमलेलं आणि एक काठावरच्या माओरी जमातींनी निवडलेलं. ती व्यवस्था किती चालते हे वेगळं बघू, पण नदीजवळ राहणाऱ्यांना आवाज हवा एवढं तरी तिथे मान्य झालं. आपल्याकडे नदीला आधी देवी केलं, मग अल्पवयीन मूल केलं आणि पालकांच्या हवाली केलं. बाईच्या बाबतीत हा क्रम आपल्या ओळखीचाच आहे.

जवळिकीचं गुणगान करताना तिची शारीरिक किंमतही नजरेआड होते. चुलीपुढे बसून लाकडाचा, गोवऱ्यांचा धूर छातीत भरणारी बाई निसर्गाच्या अगदी जवळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुरानं जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. पाठीवर भारा घेऊन उतार उतरताना मान आणि गुडघे कायमचे दुखणाईत होतात. ज्या बाईला गॅस हवा आहे, नळ हवा आहे, तिला पारंपरिक जीवनशैलीचं महत्त्व ऐकवण्याचा हक्क कुणाला नाही, आणि ज्यांच्या घरी नळ आहे त्यांना तर मुळीच नाही. काही पर्यावरणवादी मंडळी इथे घसरतात. ती कळवळ्यानं बोलतात हे मला मान्य आहे, पण त्या कळवळ्यात बाईची इच्छा विचारलेली नसते.

शिवाय बाई म्हणजे कुठली बाई? पाण्याशी स्त्रीचं आदिम नातं आहे असं कुणी म्हणालं की मला १९२७ सालचं महाड आठवतं. चवदार तळ्याचं पाणी सगळ्या बायकांचं नव्हतं. सवर्ण बाईला ते सहज मिळत होतं, अस्पृश्य ठरवलेल्या बाईला ओंजळभरही नाही. गायरानातून हुसकावली जाणारी भूमिहीन बाई आणि त्याच गायरानावर अतिक्रमण करणाऱ्या घरातली बाई यांना एकाच धरतीच्या कुशीत बसवून गाणी म्हणता येतात, पण त्यातून दोघींचा व्यवहार बदलत नाही. निसर्गाशी नातं जातीतून, जमिनीतून, पैशातून घडतं. बाईपण त्यातली एक बाजू आहे, महत्त्वाची आहे, पण एकटी नाही.

अधिकार दिल्यावर काय होतं, याचा पुरावा आहे. बीना अगरवाल या अर्थतज्ज्ञांनी गुजरात आणि नेपाळमधल्या गावपातळीवरच्या वनव्यवस्थापन गटांचा बारकाईनं अभ्यास केला. कार्यकारी समितीत बायका जास्त असल्या की जंगलाची स्थिती सुधारण्याची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं. नेपाळमधल्या फक्त बायकांच्या समित्यांना वाट्याला जंगल आलं तेच लहान आणि जास्त उजाड, तरी तिथली वाढ इतरांपेक्षा चांगली निघाली. समितीत एक-दोन बायका बसवून भागत नाही, पाव ते एक तृतीयांश जागा भरल्या की त्यांचा आवाज उमटू लागतो, हेही अगरवाल दाखवतात. कारणं साधी आहेत. नियम ठरवायला बसलेल्या बाईला कोणती फांदी तोडली तर झाड पुन्हा फुटतं हे माहीत असतं. नियम तिनंच केलेले असले तर ती ते चोरून मोडत नाही. तिला डावलून केलेल्या बंदीत मात्र चूल तर पेटवायचीच असते, म्हणून ती रात्री जाऊन लाकूड आणते आणि गुन्हेगार ठरते.

केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ साली हरित पट्टा चळवळ सुरू केली, तेव्हा बायकांना रोपं लावायला सांगितली आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे पैसे दिले. रक्कम किरकोळ होती. पण झाड लावणं हे काम आहे आणि कामाचे पैसे असतात, हे त्यात मान्य झालं होतं. मथाईंना पुढे कळलं की नुसत्या रोपांनी भागत नाही, जमिनी बळकावणाऱ्या सत्तेशी भिडावं लागतं. नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये सरकारी गगनचुंबी इमारत होणार होती, ती त्यांनी १९८९ साली अडवली. त्याबद्दल त्यांची निंदानालस्ती झाली आणि पुढे सरकारशी झालेल्या संघर्षांत त्यांनी मार आणि तुरुंग दोन्ही सोसलं. २००४ साली शांततेचं नोबेल मिळाल्यावर जगानं झाडं लावणारी आई म्हणून त्यांचा गौरव केला. सत्तेशी दोन हात करणारी ही राजकीय कार्यकर्ती त्या गौरवात पुसट झाली, याचं मला वाईट वाटतं.

आता एक अवघड मुद्दा. बायकांना जमीन द्या, जंगलावर अधिकार द्या, म्हणजे निसर्ग वाचेल, असा युक्तिवाद हल्ली विकासाच्या कागदपत्रांत सर्रास असतो. वरचे पुरावे मी त्यासाठीच दिले असं कुणाला वाटेल. पण मला तो युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत राबतात, आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिवाटदार म्हणून बायकांची नोंद होती जेमतेम १४ टक्के. जमीन तिच्या नावे व्हायला हवी ती तिच्या श्रमाची आणि वारशाची आहे म्हणून. ती मिळाल्यावर तिनं सेंद्रिय शेतीच करावी, देशी वाणच पेरावं, अशी अट कुणी पुरुषाला घालत नाही, मग तिला का? उद्या ती ऊस लावेल, खत जास्त टाकेल, जमीन विकून शहरात घर घेईल. चुकेलही. मालकाला चुकायचा जेवढा हक्क असतो तेवढा तिला असला पाहिजे. निसर्ग वाचवण्याच्या अटीवर दिलेला हक्क म्हणजे पुन्हा राखणदाराचीच नोकरी, तीही बिनपगारी.

बाईच निसर्गाची खरी सोबतीण, असं ठरलं की पुरुष आपोआप मोकळा होतो. त्याच्यात ती संवेदना नाही, त्याला काय कळणार, असं हसत हसत म्हटलं जातं. ओला-सुका कचरा वेगळा करायचा तिनं, प्लास्टिक टाळायचं तिनं, पाणी जपून वापरायचं तिनं, मुलांना झाडांची नावं शिकवायची तिनं. ग्राहकांना सांगितल्या जाणाऱ्या पर्यावरणाच्या सगळ्या सवयी बघा, बहुतेक स्वयंपाकघरात येऊन थांबतात. खाणीचे परवाने, धरणाची उंची, कारखान्याचं सांडपाणी या गोष्टी ठरतात त्या खोल्यांत बायका नगण्य. म्हणजे नुकसान करणारे निर्णय एकीकडे आणि भरून काढायचं काम दुसरीकडे. पर्यावरणीय स्त्रीवादानं बोट ठेवायचं असेल तर या वाटणीवर ठेवावं. पुरुषांनीही चुलीचं, मुलांचं, पाण्याचं काम अंगावर घेतलं तर त्यांनाही निसर्ग कळायला लागेल, कारण तो कळतो कामातूनच.

वनहक्क कायद्यात यातल्या काही गोष्टी कागदावर आल्या आहेत. २००६ च्या या कायद्यानं जंगलात राहणाऱ्या कुटुंबाला मिळणारा वैयक्तिक वनहक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, आणि ग्रामसभेला हजर असलेल्यांतही किमान एक तृतीयांश. ही अट पुरी करायला कित्येकदा घरोघर रजिस्टर फिरवून अंगठे घेतले जातात, हे गावात काम करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. तरीही अट आहे म्हणून भांडता येतं.

भांडायची पुढची जागा वृक्षारोपणाच्या पैशांची आहे. जंगल प्रकल्पांना दिल्यावर भरपाई म्हणून जमा होणाऱ्या निधीसाठी २०१६ साली कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं त्यातून राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले. हा पैसा खर्च करण्याची सूत्रं मुख्यतः वनखात्याकडे आहेत. रोपं लावायची ती बहुधा गावाच्या पडीक आणि चराऊ जमिनीवर, जिथे बायका गुरं घेऊन जातात. रोपवाटिकेत मजुरीला बायका असतात, आराखड्यावर सही करायला क्वचितच. त्या जमिनीवर साग लावायचा की चाऱ्याची झाडं, कुंपण कुठून घालायचं, पाणवठ्याची वाट मोकळी ठेवायची की नाही, हे ठरवणाऱ्या बैठकीची नोटीस गावातल्या बायकांना मिळाली होती का, हे माहिती अधिकाराचा एक अर्ज करून विचारता येतं. तो अर्ज प्रत्येक तालुक्यात झाला पाहिजे, आणि उत्तर नाही असं आलं तर लागवडीचं काम तिथेच अडवलं पाहिजे.